मजकुराचा मुक्काम : वसईच्या निमित्ताने

संगणकावर स्थापित केलेली आज्ञावली टिकणार, की न्याहाळकात आणि भ्रमणध्वनीवर चालणारी, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यापाराच्या अंगाने होते. परवाने, किंमत, वेग, सोय एवढेच तिचे विषय असतात आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यात आपले काही आहे असे वाटत नाही. मराठीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न प्रथम लिपीचा आणि म्हणून वाङ्मयेतिहासाचा आहे, असे आम्हांस वाटते. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत मराठीत जे छापले गेले त्याचा फार मोठा भाग संगणकावर जुळवला गेला. त्यातले पुस्तक उरले, मासिकाचा अंक उरला; परंतु ज्या फाईलवरून तो अंक छापला, ती फाईल सापडली तरी ती वाचता येईलच असे नाही. दुसरीकडे, ज्या मजकुराने कधी कागद पाहिलाच नाही, जो थेट महाजालावर लिहिला गेला, तो वाचता येतो. पण तो कोठे ठेवलेला आहे आणि किती दिवस राहील हे त्याच्या लेखकाला ठाऊक नसते. ह्या दोन अवस्थांचा इतिहास थोडक्यात मांडावा आणि तो मांडताना वसई-विरारचा परिसर डोळ्यांसमोर ठेवावा, असा येथे हेतू आहे.

वसईच का, ह्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. तूर्त एवढेच सांगतो, की लिपी आणि यंत्र ह्यांच्यातील ओढाताणीचा मराठीतला सर्वांत जुना दाखला वसईच्या पोर्तुगीज काळाशी समकालीन आहे. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत राहिला. त्याच राजवटीत, गोव्यात साष्टी प्रांतातील राचोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, आणि लिपी रोमन. ही निवड स्टीफन्सला मनापासून रुचलेली नव्हती असे मानायला आधार आहे. १६०८ मध्ये त्याने आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात स्थानिक लिपीतील खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास लिहिताना ह्या पत्राकडे लक्ष वेधले आहे. युरोपातल्या दोन डझन अक्षरांच्या तुलनेत येथील जोडाक्षरांसह अक्षरांची संख्या सहाशेच्या घरात जाते ही अडचण स्टीफन्स नोंदवतो, आणि ती दोनशेपर्यंत खाली आणता येईल असेही सुचवतो. खिळे पाडले गेले नाहीत. ग्रंथ १६१६, १६४९ आणि १६५४ असा तीनदा छापला गेला. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. जे वाचले ते हस्तलिखितांतून. त्यांपैकी देवनागरीतील एक प्रत मार्सडेन संग्रहाबरोबर लंडनला पोहोचली. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणांनी मंगळूरहून काढलेली आवृत्तीही रोमन लिपीतच होती. देवनागरीत छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाचकाच्या हाती पडले ते १९५६ साली, शांताराम बंडेलूंच्या संपादनात. म्हणजे तीनशे चाळीस वर्षांनी.

यंत्राला लिपी पेलत नाही, तेव्हा मजकुराला परक्या लिपीचे कपडे घालायचे, ही तडजोड स्टीफन्सच्या काळी झाली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ती पुन्हा झाली, आणि ह्या वेळी ती कोणाच्या लक्षातही आली नाही, कारण पडद्यावर दिसणारी अक्षरे देवनागरीच होती.

मधल्या काळाबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते येथे ओझरतेच सांगतो. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले, आणि १८१० चा त्याचा कोश मोडी खिळ्यांत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांगे काढली. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने १८६९ नंतर देवनागरी खिळ्याला जे सौष्ठव दिले त्याची सर पुढे फारशी कोणाला आली नाही. टिळकांसारख्या माणसाने राजकारणाच्या धबडग्यात खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, तोही स्टीफन्सच्याच अडचणीसाठी. खिळे खूप, म्हणून जुळणी महाग. टंकलेखन यंत्राच्या कळफलकाने तर अक्षरांचे अर्धे-मुर्धे तुकडे करून ती संख्या शंभराच्या आत आणली आणि त्याची किंमत दिसण्यात मोजली. मराठी सरकारी पत्रातली ती काना-मात्रा सुटी पडलेली अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

संगणकाच्या बाबतीत सुरुवात खरे म्हणजे चांगली झाली होती. कानपूरच्या आयआयटीत ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले त्यातून जिस्ट हे तंत्र निघाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तेथे आले. ह्या कामामागचा विचार मूलगामी होता. मजकूर साठवताना अक्षराचा आकार साठवायचा नाही, त्याचा उच्चारक्रम साठवायचा. आकार कोणता दाखवायचा हे यंत्राने नंतर ठरवायचे. भारतीय लिप्या एकाच वर्णमालेवर उभ्या असल्याने एकच संकेत सर्वांना पुरेल, आणि इन्स्क्रिप्ट हा एकच कळफलकही. ह्यातून इस्की हा संकेत तयार झाला आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तो प्रमाण ठरवला. त्याच वर्षी निघालेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतलेला आहे. म्हणजे आज आपल्या हातातल्या दूरध्वनीत मराठी अक्षर ज्या क्रमाने साठवले जाते, त्याचा आराखडा मुळात भारतीय अभियंत्यांचा आहे. आपल्याकडच्या तांत्रिक इतिहासात ह्या गोष्टीला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही.

पण बाजारात चालले ते दुसरेच. नव्वदच्या दशकात विंडोज आली, तिच्याबरोबर पेजमेकर आला आणि गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली. पेजमेकरला इस्की कळत नव्हते. त्याला कळत होती ती रोमन अक्षरे आणि त्यांना दिलेली २५६ घरे. तेव्हा युक्ती अशी करण्यात आली, की रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा म, तिसऱ्यात रफार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमनच राहिला; फॉन्ट तेवढा त्याला देवनागरीचा मुखवटा चढवत असे. सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, अशा अनेक आज्ञावल्यांनी हा मार्ग घेतला, आणि प्रत्येकीने कोणता तुकडा कोणत्या घरात ठेवायचा हे आपापल्या सोयीने ठरवले. त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात उघडला की पडद्यावर निरर्थक चिन्हांचा पाऊस पडे. नक्कल होऊ नये म्हणून ह्या आज्ञावल्यांबरोबर संगणकाच्या मागे लावायचे एक छोटे कुलूप येई, ज्याला दुकानात सगळे डोंगल म्हणत. ते हरवले किंवा बिघडले की काम बंद.

ह्या पद्धतीला नावे ठेवणे आज सोपे आहे. परंतु तिने काय साधले तेही पाहिले पाहिजे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा होण्यापूर्वी, एखाद्या मंडळाला स्मरणिका काढायची, एखाद्या पॅरिशला वार्तापत्र काढायचे, नवोदित कवीला स्वखर्चाने संग्रह छापायचा, तर मुंबईच्या मोठ्या छापखान्याकडे धाव घेण्याची गरज उरली नाही. स्टेशनजवळच्या दुकानात मजकूर टंकला जाई, लेझर प्रिंटरवर बटर पेपरची प्रत निघे, मुद्रिते तेथेच बाकावर बसून तपासली जात, आणि पुढचे काम ऑफसेटवाला करी. छोट्या नियतकालिकांना आणि स्थानिक लेखनाला ह्या दुकानांनी जो आधार दिला त्याची नोंद वाङ्मयेतिहासात कोठे दिसत नाही. पेजमेकरचा चालक हा त्या काळातला खरा जुळारी होता. शुद्धलेखनाचे शेवटचे निर्णय कित्येकदा त्याच्याच हातून झाले.

आता ह्या मुखवट्यामागे काय साठवले जात होते ते पाहू. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजाचे मासिक ‘सुवार्ता’ सर्वांना परिचित आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादक होते. त्या मासिकाचे नावच उदाहरणादाखल घ्या. ‘सुवार्ता’ ह्या शब्दात रफार ‘ता’च्या डोक्यावर दिसतो, परंतु उच्चारात र् हा त-च्या आधी येतो. उच्चारक्रमाने साठवणाऱ्या यूनिकोडमध्ये तो आधीच असतो. मुखवट्याच्या फॉन्टात मात्र तो ‘ता’च्या नंतर साठवला जातो, कारण डोळ्याला तो नंतर दिसतो. ‘क्रिस्तपुराण’ ह्या शब्दात तर पहिल्या ‘क्रि’ची ऱ्हस्व वेलांटी सर्वांत आधी साठवली जाते, क त्यानंतर. तेव्हा अशी फाईल आजच्या रूपात आणायची म्हणजे केवळ चिन्हाला चिन्ह बदलून चालत नाही. वेलांट्या मागे सरकवाव्या लागतात, रफार पुढे आणावे लागतात, आणि जोडाक्षराची सीमा कोठे हे आज्ञावलीला ओळखावे लागते. रूपांतर केलेल्या मजकुरात रफार भलत्याच अक्षरावर चढलेला दिसतो, तो ह्यामुळे.

यूनिकोड १९९१ साली आले आणि विंडोज २००० बरोबर मंगल हा देवनागरी फॉन्ट घरोघर पोहोचू लागला. त्याचा आराखडा मुंबईच्या एनसीएसटीत काम करणाऱ्या र. कृ. जोशींचा, सुलेखनाच्या परंपरेतल्या ह्या कवी-कलावंताच्या हातची अक्षरे जगभरच्या संगणकांवर गेली, ही मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट. तरीही डीटीपीच्या दुकानात पुढची दहा-बारा वर्षे काहीच बदलले नाही. ह्याचे खापर दुकानदाराच्या अज्ञानावर फोडण्याची रीत आहे, ती अन्यायाची आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली आणि तिला यूनिकोड देवनागरी जुळवता येत नव्हते. तिच्या जागी आलेल्या इनडिझाईनला भारतीय लिप्या धडपणे जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या आवृत्तीपासून. मधल्या काळात यूनिकोडमध्ये लिहिलेला लेख छापायचा असेल तर तो पुन्हा जुन्या फॉन्टात टंकावा किंवा उलटा बदलून घ्यावा लागे. विंडोज एक्सपीतही देवनागरी नीट दिसण्यासाठी मूळ तबकडी घालून जटिल लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागत असे. म्हणून एकाच दशकात मराठीचे दोन प्रदेश झाले. छापील मराठी मुखवट्याच्या फॉन्टात राहिली, आणि महाजालावरची मराठी यूनिकोडमध्ये गेली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया, ‘मनोगत’सारखी संकेतस्थळे, बरहा आणि गमभन ह्यांसारखी टंकनाची साधने ही सारी दुसऱ्या प्रदेशातली. वर्तमानपत्रांची संकेतस्थळे मात्र बराच काळ दोन्हींच्या सीमेवर अडकलेली होती. वाचकाने आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, मगच बातमी वाचायची. अशा पानांवरचा मजकूर शोधयंत्रांना मराठी म्हणून दिसतच नव्हता.

वसईचा मुद्दा येथे अधिक टोकदार होतो. उत्तर वसईच्या गावांतली, गास, नंदाखाल, गिरीज, निर्मळ, आगाशी ह्या पट्ट्यातली, माणसांची नावे घ्या. अँथनी, ॲग्नेस, ॲन्ड्र्यू, जॉन, ऑगस्टीन. अन्य महाराष्ट्रात ‘ॲ’ हा इंग्रजी शब्दांपुरता लागणारा पाहुणा स्वर आहे; वसईत तो बाप्तिस्म्याच्या नावातला, म्हणजे घरातला स्वर आहे. ह्या ‘ॲ’ला यूनिकोडमध्ये स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली, ५.१ ह्या आवृत्तीत. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, कोणी हिंदीच्या ‘ऍ’ने. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्यांना अधिकृत स्थान दिले, त्यानंतरही जुन्या सवयी राहिल्याच. फादर दिब्रिटोंचे ‘ओॲसिसच्या शोधात’ हे पुस्तक आपण शोधयंत्रात टंकू गेलो, तर त्या एका शब्दाची तीन वेगळी लेखने संभवतात. डोळ्याला ती जवळजवळ सारखीच दिसतात, यंत्राला ते तीन निराळे शब्द वाटतात. २०२० च्या धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या लेखकाच्या पुस्तकाची ही गत असेल, तर एखाद्या पॅरिशच्या नोंदवहीतल्या किंवा जमिनीच्या उताऱ्यावरच्या ॲग्नेसची काय, हा विचार करण्यासारखा आहे. सातबारा आज महाजालावर मिळतो, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून मिळू लागला, आणि ज्या पिकाची नोंद पूर्वी तलाठी वहीत करी ती २०२१ पासून शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू शकतो. नाव कसे टंकले जाते ह्याला आता केवळ शुद्धलेखनाचे मोल राहिलेले नाही.

दुसरे उदाहरण समुद्राकाठच्याच शब्दाचे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. मराठीला हा भेद लिपीत दाखवावा लागतो आणि त्यासाठी तिच्याकडे रफार व चंद्रकोरीसारखा अर्धा र असे दोन आकार आहेत. हिंदीला त्या दुसऱ्याची गरज नाही. मुखवट्याच्या फॉन्टांत ह्या चंद्रकोरीला सरळ एक घर होते, टंकणारा ते दाबून मोकळा होई. यूनिकोडमध्ये ती दोन रीतींनी लिहिली जाऊ लागली. एक रीत खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, तर दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे सांधणचिन्ह जोडण्याची. वाचकाला दोन्हींत काहीही फरक दिसत नाही. परंतु ‘किनाऱ्यावर’ हा शब्द कोणत्या लेखकाने किती वेळा वापरला हे संगणकाच्या मदतीने मोजू पाहणाऱ्या संशोधकाला ह्यातला अर्धा हिशेब हाती लागणारच नाही. भाषाविज्ञानाच्या आणि शैलीविचाराच्या विद्यार्थ्यांनी आपली साधने वापरण्यापूर्वी हे तपासून घ्यावे, असे आम्ही आवर्जून सांगतो.

भ्रमणध्वनीकडे वळू. ॲन्ड्रॉईडमध्ये देवनागरी २०११ च्या सुमारास, चौथ्या आवृत्तीपासून रुजू लागली. त्याआधीच्या कित्येक दूरध्वनींवर मराठी संदेश म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग. २०१६ मध्ये जिओ आले, महाजाल स्वस्त झाले, २०१७ मध्ये बोललेली मराठी लिहून घेण्याची सोय गूगलने आणली. ज्यांनी आयुष्यात कधी संगणकापुढे बसून मराठी टंकन शिकले नाही अशी लाखो माणसे मराठी लिहू लागली. विरार लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने लिहिली जाणारी मराठी ही आमच्या मते मराठी गद्याच्या इतिहासातली मोठी घटना आहे. तिच्या गुणवत्तेविषयी नाक मुरडणाऱ्यांनी आरंभीच्या मराठी वृत्तपत्रांचे गद्य एकदा पुन्हा वाचून पाहावे. डीटीपीच्या काळात लेखक आणि छपाई ह्यांच्यामध्ये टंकणारा माणूस उभा होता. तो आता उरला नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचे शुद्धलेखनही गेले.

मात्र त्याच्या जागी दुसरा एक सुधारणारा येऊन बसला आहे आणि त्याच्याकडे आपले लक्ष कमी आहे. जुन्या फॉन्टाला भाषा ठाऊक नव्हती. तुम्ही जे तुकडे जुळवाल ते तो मुकाट्याने दाखवी. मराठी, कोकणी, संस्कृत किंवा वसईतल्या कुपारी आणि सामवेदी समाजांची कादोडी बोली, त्याला सारे सारखे. भ्रमणध्वनीवरच्या कळफलकाला मात्र भाषा ठाऊक असते, किंवा ठाऊक आहे असा त्याचा समज असतो. तो पुढचा शब्द सुचवतो, लिहिलेला शब्द दुरुस्त करतो आणि त्याच्या शब्दसंग्रहात असते ती वृत्तपत्रांची व महाजालावरची प्रमाण मराठी. बोलीतला शब्द त्याच्या दृष्टीने चूक. कादोडी, वाडवळी, वारली अशा पालघर जिल्ह्यातल्या बोली मुख्यतः तोंडी राहिल्या. त्या लिहिल्या जाऊ लागण्याची पहिली मोठी संधी भ्रमणध्वनीने दिली आणि त्याच साधनाने प्रत्येक शब्दाला त्यांना प्रमाण भाषेकडे ओढायलाही सुरुवात केली. लिहिणाऱ्याला दर वेळी सूचना नाकारून आपला शब्द टिकवावा लागतो. घाईत असलेला माणूस तो टिकवीत नाही. बोलींच्या अभ्यासकांनी अशा संदेशांचा संग्रह करताना लेखकाने काय लिहिले आणि कळफलकाने काय लिहिले हे वेगळे कसे काढायचे, ह्याचा विचार अजून फारसा झालेला दिसत नाही.

राहता राहिला मुक्कामाचा प्रश्न. महाजालावरचा मजकूर यूनिकोडमध्ये असतो, म्हणून तो कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. हा त्याचा मोठाच गुण. परंतु तो राहतो दुसऱ्याच्या घरी. याहूने जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. महाजालाच्या बाल्यावस्थेत हौसेने घडवलेली असंख्य वैयक्तिक पाने त्याबरोबर गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. त्यावरच्या मराठी समूहांत कवितेवर, व्याकरणावर, गावांच्या इतिहासावर जे लिहिले गेले ते किती जणांनी उतरवून ठेवले असेल? गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. प्रत्येक वेळी आगाऊ सूचना मिळाली होती, मजकूर उतरवून घेण्याची सोयही होती. पण बोळवण होणाऱ्या पाहुण्याने घाईत किती सामान उचलावे? आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूर तर, प्रत राखून ठेवलेली नसेल, तर दूरध्वनी बदलला, हरवला की लेखकापुरता संपतो. पानाला निदान पत्ता होता. संदेशाला तोही नाही.

तेव्हा संगणकावरची आज्ञावली आपल्या हातातली आणि महाजालावरची परक्याच्या, असा जो भेद केला जातो तो कितपत खरा आहे? डोंगल हरवल्यावर आपली फाईल आपल्याच संगणकावर असूनही परकी होत होती. २०१३ नंतर ॲडोबीने आपल्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या विकत देणे थांबवून त्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. इनडिझाईन आजही संगणकावरच स्थापित करावे लागते, पण वर्गणी थकली की त्यात काम करता येत नाही. उलट, मराठी विकिपीडिया संपूर्णपणे महाजालावर राहतो आणि तरीही त्याची सगळी प्रत कोणीही उतरवून आपल्या घरी ठेवू शकतो, कारण तशी मुभा त्याच्या परवान्यातच आहे. दोन्ही बाजूंना उघडी दारे आहेत आणि दोन्ही बाजूंना कुलपे आहेत. ह्या वादात भविष्य कोणाचे ह्याचे उत्तर बाजाराने बहुतेक देऊन टाकलेले आहे. टंकन, जुळणी, चित्रे, हिशेब सारे हळूहळू न्याहाळकात चालले आहे आणि संगणकावर उरलेल्या आज्ञावल्यांचाही श्वास महाजालावरूनच चालतो. मजकूर कोणत्या संकेतात साठवला आणि त्याची प्रत कोणाला काढता येते, हे दोन प्रश्न बाजाराने सोडवलेले नाहीत, आणि तो ते सोडवीलही असे वाटत नाही.

ह्यातली एक विचित्र गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९९५ साली छापलेला एखादा अंक आज घेतला, त्याची पाने प्रकाशचित्रित केली आणि अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीला दिली, तर बऱ्यापैकी शुद्ध यूनिकोड मजकूर मिळतो. त्याच अंकाची मूळ फाईल जुन्या तबकडीवर सापडली तर ती वाचण्यासाठी तो फॉन्ट हवा, ती आज्ञावली हवी, ती चालणारे विंडोज हवे. कागद फाईलीपेक्षा अधिक वाचनीय ठरला. तीनशे वर्षांपूर्वी ‘क्रिस्तपुराणा’च्या छापील प्रती नाहीशा झाल्या आणि हस्तलिखिते उरली, त्याच्याशी ह्याचे नाते आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाला शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एका क्षणात शब्द विचारता येतो. त्यानंतर दीडशे वर्षांनी संगणकावरच जुळवलेल्या एखाद्या तालुका-पातळीवरच्या शब्दसंग्रहाला तो विचारता येत नाही.

विंडोज एक्सपीचा अधिकृत सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. तरीही जुने काम पडून असलेल्या डीटीपीच्या दुकानांत असे एखादे यंत्र महाजालाला न जोडता कोपऱ्यात ठेवलेले आढळते. त्याच्या पोटात स्मरणिका असतात, पॅरिशची वार्तापत्रे असतात, स्थानिक कवींचे संग्रह, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, शाळांचे अहवाल. महाविद्यालयांच्या मराठी विभागांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात. ह्यातले काही काढून घेता येईल. फाईल घेताना तिच्याबरोबर फॉन्टाचे नेमके नाव, आज्ञावली आणि तिची आवृत्ती लिहून घ्यावी लागेल, आणि शक्य तर फॉन्टाची फाईलही. सी-डॅकच्या किंवा श्रीलिपीच्या प्रचलित फॉन्टांसाठी रूपांतराची कोष्टके तयार मिळतात. ज्या लहान कंपन्या दोन-चार वर्षांत बंद झाल्या त्यांच्या फॉन्टांसाठी ती मिळत नाहीत. तेथे छापील प्रत एका हाती घेऊन, कोणत्या घरात कोणता तुकडा होता हे अक्षरागणिक जुळवत कोष्टक हातानेच करावे लागते.